कोयत्याआधी कवाड

पिंपळदऱ्याच्या बागेतला हा गुलाब जरा लांबूनच बघा, पाव्हणं. याच्या काट्यानं धरलं की सोडत नाही. दोन पुरुष उंच वाढतो, आणि दर दसऱ्याला त्याला गुडघ्याएवढा छाटतात. बागेचं कवाड मात्र कधीच लावत नाहीत. त्यामागं सारजा माळीण आहे, असं सांगतात.

बाग होती गढीवरच्या बाईसाहेबांची. त्यांची एकुलती लेक देवीच्या साथीत गेली, तिनं लावलेलं हे रोप तेवढं मागं राहिलं. बाईसाहेबांनी सारजाला त्याच्या राखणीला आणलं आणि बाहेरून कुलूप घातलं. पहिलं फूल येईतो बाहेर पडायचं नाही, आणि लेकीच्या रोपाला कोयता लावायचा नाही. लावला तर हात तोडू, असा हुकूम.

सारजा माळ्याच्या घरची. छाटल्याबिगर हे झाड फुलायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सांगणार कुणाला? मग तिनं नुसतं खत घातलं. शेणखत, राख, निंबोळीची पेंड. तिथंच चुकलं बघा. झाडानं खाल्लं आणि अंग धरलं. पानं न् काटे, काटे न् पानं. तीन वर्षांत फांद्या कवाडावर उतरल्या. फटीतून दिसणारी गावची वाट, तीही बुजली. आपल्याच हातानं आपण स्वतःला कोंडून घेतोय, हे तिला रोज दिसायचं, म्हणे.

चौथ्या दसऱ्याला भिंतीपलीकडून भावानं हाक दिली. आईनं अन्न सोडलंय, तुझ्या वाटेकडं डोळे लावून पडलीय.

सारजानं कोयता घेतला आणि झाड गुडघ्यापर्यंत आणलं. तोडलेल्या टोकांना शेण लिंपलं. बाईसाहेब आल्या त्या तावातावानंच. सारजानं दोन्ही हात पुढं केले.

“बाईसाहेब, जुन्या लाकडाला फूल धरत नाही. हात तोडा, पण दीड महिना थांबा.”

बाईसाहेब थांबल्या, पण जाताना कुलूप पुन्हा घातलंच. दीड महिन्यानं झाड फुलांनी लहडलं, तेव्हा त्यांनी स्वतः कवाड उघडलं. सारजा अनवाणी धावत सुटली. घरी पोचली, तर आईला जाऊन आठ दिवस झाले होते.

हे कानावर आलं तसं बाईसाहेबांनी एकही फूल खुडलं नाही. कुलूप विहिरीत टाकून दिलं.

आजही दसऱ्याला गावची नवी सून गुलाबावर पहिला घाव घालते, कोयता खाली ठेवते आणि तशीच माहेरची वाट धरते. फूल येईपर्यंत थांब, असं तिला कुणी म्हणत नाही.