अंधारातला उंच गहू

एकदा एक वृद्ध आचार्य नदीकाठी पाठशाळा चालवीत असत. वय झाले, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा आपल्या सर्वांत हुशार शिष्याला ते म्हणाले, "बाबा, महिनाभर मुलांना तू शिकव. मी ओसरीवर बसून ऐकतो." शिष्य हुशार होताच, त्यात शंका नाही. दोष म्हणाल तर एवढाच, की प्रश्न पुरा होण्याआधी त्याचे उत्तर तयार असे. अशी माणसे आपण पाहतो. कधी कधी आरशातही पाहतो.

पहिलाच पाठ त्याने प्रकाशाचा घेतला. कुंभाराची नऊ-दहा वर्षांची मुलगी सुंद्रा घरून मातीचे दोन पसरट परळ घेऊन आली. त्यांत माती भरून मुलांनी गहू पेरला. एक परळ अंगणात उन्हात ठेवला. दुसरा माजघरात टोपलीखाली, वर घोंगडी. "दोन्हींना रोज सारखंच पाणी घाला," शिष्य म्हणाला. "आठव्या दिवशी बघाल, उजेडातला गहू वाढलेला असेल आणि अंधारातला खुरटलेला. प्रकाशाविना वाढ नाही." हे वाक्य त्याने मुलांकडून लगेच पाट्यांवर लिहूनही घेतले. म्हणजे पेरणी सकाळी आणि निष्कर्ष दुपारी!

आठव्या दिवशी त्याने गावातली चार मंडळीही बोलावली आणि सर्वांसमक्ष टोपली उचलली. अंगणातला गहू चार बोटे होता, हिरवागार. टोपलीखालचा चांगला वीतभर उंच!

"मग काय गुरुजी," एक म्हातारा मिशीत हसत म्हणाला, "औंदा शेतावर घोंगड्या अंथरायच्या का?"

सगळे खो खो हसले. शिष्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कुणीतरी परळ बदललेत," तो म्हणाला.

"नाही गुरुजी," सुंद्रा पुढे आली. "टोपलीखालच्या परळाचा काठ टवकलेला होता. हा बघा, तोच आहे. आणि आमच्या घरचा घटसुद्धा असाच येतो. देवघरात दिवसाही काळोख असतो, तिथलं धान लांबच लांब आणि पिवळं. असं का होतं हो, गुरुजी?"

प्रश्न लाखमोलाचा होता. पण त्याचे उत्तर शिष्याजवळ नव्हते, आणि उत्तर नाही हे त्याला चारचौघांत कबूल करवेना. "उलट उत्तरं करतेस?" तो कडाडला. "जा, घरी बैस!"

सुंद्रा गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मुलांनी बातमी आणली, की तिचा बाप म्हणतो, गुरुजींनी घालवलं म्हणजे पोरीचंच चुकलं असणार. झाली तेवढी शाळा पुरे, आता तिने माती तुडवावी. बाकीची मुले मात्र फार शहाणी झाली. त्यांच्यापैकी कुणी काहीच विचारीना.

आणि आपल्या शिष्याने काय करावे? दुपारी सामसूम पाहून तो माजघरात गेला आणि उंच गव्हाचे शेंडे नखाने खुडून आला, अगदी चार बोटांच्या खाली येतील असे. तुम्हाला राग आला ना? मलाही येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य माजघरात येऊन तो परळ बराच वेळ पाहत राहिले. मग हाक मारून म्हणाले, "बाबा, कोठीतून जरा सूप आण."

धान्याच्या कोठीला खिडकी नव्हती. शिष्य आत शिरला, आणि आचार्यांनी बाहेरून कडी लावली.

"आचार्य! कडी पडली वाटतं!"

बाहेरून नुसते "हं" ऐकू आले. आत काहीतरी धाडकन पडले. मग "अगं आई गं!" मग बराच वेळ भिंतीवरून हात घासल्याचा आवाज. अखेर आचार्यांनी दार उघडले, तर शिष्य दारालाच येऊन भिडलेला, दोन्ही हात पुढे ताणलेले, केसांत कोळ्याचे जाळे.

"हात असे का लांबवलेस?" आचार्यांनी विचारले.

"आत काही दिसेना! चाचपडत होतो. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली, तिकडे आलो."

"आणि आता खाली का घेतलेस?"

"आता दिसतंय की."

आचार्यांनी परळातला एक पिवळा कोंब मुळासकट उपटला आणि त्याच्या बुडाशी चिकटलेला दाणा चिमटीत दाबला. आत काही उरले नव्हते, नुसते साल.

"या दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते," ते म्हणाले. "अंधारातल्या कोंबाने ती सगळी हात लांबवण्यात संपवली. ना रंग धरला, ना अंग भरलं. उजेड कुठे आहे ते चाचपत नुसता वर वर गेला. आता थोड्याच दिवसांत मान टाकील. अंगणातल्याला उजेड आधीच सापडला होता, त्याला धावपळ कशाला? त्याने तिथेच आपली चूल मांडली. प्रकाशाविना वाढ नाही हे तुझं वाक्य खरंच आहे रे. पण उंची म्हणजेच वाढ, हे तू न तपासता धरून चाललास. वीस वर्षं दसऱ्याला घटातलं हेच पिवळं धान पागोट्यात खोवतोस, एकदा तरी मनात आलं का, हे पिवळं का? त्या पोरीच्या आलं. तीही उजेडाकडे हात लांब करत होती."

मग परळाकडे बोट करून ते हळूच म्हणाले, "आणि याला किडा लागला म्हणावं, तर किडा सगळे शेंडे एका मापाने कुरतडत नाही."

शिष्याची मान खाली गेली. सूप कोठीतच सोडून, जाळे झटकायचेही भान न राहता, तो खुडलेला परळ काखेत मारून कुंभारवाड्याकडे निघाला.

सुंद्रा गुडघाभर चिखलात माती तुडवीत होती. गुरुजींना पाहताच तिचा बाप लगबगीने हात जोडून उठला. "गुर्जी, लेकराची चूक पदरात घ्या."

"चूक माझी आहे," शिष्य म्हणाला. हे तीन शब्द उच्चारताना त्याला घाम फुटला. "सुंद्रा, तू सांगितलंस ते खरं होतं. परळ कुणी बदलले नव्हते. आणि हे शेंडे मी खुडलेत. उद्या पाठशाळेत सगळ्यांसमोर मी हे सांगणार आहे. तू ये."

सुंद्राने आधी खुडलेल्या गव्हाकडे पाहिले, मग गुरुजींच्या केसांतल्या जाळ्याकडे. बापाने पाण्याची कळशी उचलून लेकीच्या पायांशी आणून ठेवली.

"गुरुजी," पाय धुता धुता ती म्हणाली, "टोपलीला एकाच बाजूला एकच भोक ठेवलं तर?"

सवयीप्रमाणे शिष्याचे तोंड उघडले. उत्तर ओठांवर आले होते, बहुधा बरोबरही असेल. पण त्याने ते गिळले.

"ठाऊक नाही गं," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"मलाही ठाऊक नाही!"

"मग टोपली घे. जाऊन पेरूया."