गाठ आणि दगड

फार मागं, तुमच्या-माझ्या जन्माआधी, एका डोंगराखाली दहा-बारा झोपड्यांची वस्ती होती. धान्य संपलं की ही माणसं रानातले कंद खणून जगत.

कंद खणायचे ते वेल वाळल्यावर. आणि वाळले की सगळे वेल सारखेच, नुसत्या सुतळ्या. म्हणून वस्तीतली एक म्हातारी श्रावणात, पानं हिरवी असतानाच, रानभर फिरे. गोड कंदाचा वेल ज्या झुडपावर चढलेला असे, त्या झुडपाला आपट्याच्या सालीची गाठ बांधे. गाठ असेल तिथंच खणायचं, असा रिवाज होता.

एका वर्षी गाठी बांधून झाल्या आणि हिवाळ्यात म्हातारीची नजर गेली. तिची सून एकटीच खणायला निघाली. एका झुडपाखाली तिला दोन वेल सापडले. गाठ तर आहे, असं म्हणून तिनं दोन्ही खणले.

घरी येऊन कंद सोलले, चिरले, मडक्यात शिजत घातले. दोन दिवसांची उपाशी वस्ती भोवती येऊन बसली.

म्हातारीचा हात टोपलीत उरलेल्या एका कंदाला लागला. नांगरासारखा वाकडा, टोकाला निमुळता.

"सूनबाई, असे किती होते?"

"काय माहीत, आत्याबाई. सगळे एकत्रच चिरले."

"मडकं उतरव. ही विषारी कळलावी. पानाचं टोक शेपटीसारखं गुंडाळतं, फूल जाळासारखं लाल-पिवळं, तीच ही."

शेजारी म्हणाला, "काकी, कडू कंद आपण उकळून खातोच की. तुमचे डोळे गेले, आता आमची पोटंही मारता का?"

"कडूपणा पाण्यात उतरतो, बाबा. हे विष उतरत नाही."

"मग चांगले तुकडे तरी वेचू."

"चांगला कुठला, ते तू सांग."

त्यानं मडक्यात डोकावून पाहिलं, सगळे तुकडे सारखेच. म्हातारीनं पदरानं मडकं धरलं, चाचपडत दाराबाहेर गेली, खड्ड्यात ओतलं आणि वर माती लोटली. पोरं रडली. माणसं उपाशीच उठून गेली.

सोललेल्या कंदांच्या सालींचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सकाळी सुनेची दुभती शेळी त्या सालींजवळ मरून पडली होती.

शेजाऱ्यानं शेळीकडे बघितलं, कुदळ उचलली आणि गाठीच्या ज्या झुडपांवर एकच वेल होता तिथलेच कंद खणून आणले. त्यावर वस्ती जगली.

सून रडत बसली नाही. पुढच्या श्रावणात म्हातारीचा हात धरून तिनं सगळा डोंगर पालथा घातला. एकेक पान म्हातारीच्या बोटांत द्यायची आणि तिच्याआधी स्वतः नाव सांगायची. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

कळलावी दिसली तशी ती उपटायला वाकली.

"राहू दे तिला," म्हातारी म्हणाली. "उपटलीस तर तुझ्या लेकीला ओळखायला काय दाखवशील?"

मग सुनेनं कळलावीच्या बुडाशी एक काळा दगड ठेवला. तेव्हापासून त्या रानात गोड वेलाला गाठ आणि विषारी वेलाला दगड, अशा दोन्ही खुणा होऊ लागल्या.

म्हणून सांगतो, बाबांनो, खायचं काय ते ओळखणाऱ्यानं त्याच्या शेजारचं विषही तितकंच नीट ओळखावं.