पुढे कोण चालणार?

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांच्या एका गावाजवळ खाण निघाली. गोठलेल्या खाडीवरून ट्रकना वाट दाखवायला बारा माणसं हवी होती. गाव न सोडता काम मिळणार म्हणून सगळे खूश होते. तेवढ्यात शहरातून रोजगार-प्रशिक्षण अधिकारी मार्टेल साहेब जाडजूड योजना घेऊन विमानातून उतरले.

"बर्फावर चालण्याचं प्रमाणपत्र कुणाकडे आहे?" त्यांनी सभेत विचारलं. कुणाकडेच नव्हतं. "मग आधी तीन महिने माझ्याकडे शिका. नापास झालात तर मला शहरातून माणसं आणावी लागतील."

त्याच खाडीवर सीलची शिकार करून म्हातारी झालेली सिआसी आजी उठली. "शिकू की, साहेब. पण आमच्याकडे शिकवणारा पुढे चालतो आणि शिकणारे त्याच्या पावलात पाऊल टाकतात. चला, आजच सुरुवात करू."

सगळे खाडीवर आले. साहेब चार पावलं ऐटीत चालले. पाचव्या पावलाला खालचा बर्फ करकरला. समोर तर सगळंच सारखं पांढरं. ते जागीच थांबले आणि मान न वळवता म्हणाले, "आजी, आता कुठून जायचं?"

"असं विचारणाऱ्याला आमच्याकडे विद्यार्थी म्हणतात," आजी म्हणाली आणि काठीने बर्फ ठोकत पुढे झाली.

परत आल्यावर गरम चहा घेत साहेबांनी स्वतःच प्रशिक्षक म्हणून आजीचं नाव लिहिलं. आजीने गावातल्या बारा जणांना त्याच दिवशी पास केलं. साहेबांना मात्र तिने पुढच्या हिवाळ्यात पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं.