झुळकीचं एक मत

फार पूर्वी जनावरं आपले कायदे स्वतःच करीत. प्रत्येक जातीचा एक सभासद वडाखालच्या सभेत बसे. तिथला ठराव टेकडीवरच्या वडीलधाऱ्यांच्या सभेनंही मानला, तरच त्याचा कायदा होई.

उन्हाळ्यात ओढा अडवून तळं करायचा ठराव आला. सगळे 'होय' म्हणाले. झुळकी नावाचं पाणमांजर तेवढं 'नाही' म्हणालं. तिच्या जातीची त्या रानात ती एकटीच उरली होती.

"ओढ्याचं खालचं पाणी आटेल, तिथले मासे मरतील. मी जगू कशी?"

"तुझ्या एकटीपायी आम्ही तहानेनं मरायचं?" रानडुक्कर ओरडलं. झुळकीच्या शेजारचे उठून लांब बसले.

तिचं 'नाही' मात्र ठरावावर लिहिलं गेलं. टेकडीवर म्हाताऱ्या कासवानं ते वाचलं आणि ठराव परत धाडला, "अर्धं पाणी वाहतं ठेवा."

दुरुस्ती मंजूर झाली. सभा हसतबोलत पांगली. झुळकीशी कुणीच बोललं नाही. ती एकटीच वाहत्या पाण्यात उतरली.