डाव्या हाताचं सारवण

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला एक खोड होती. कुणाच्या घरी गेलं की तिथली माणसं आधी खाली बघायची. छप्पर कसलं, भिंती किती उंच, दाराला लाकूड कोणतं, हे सगळं नंतर. आधी जमीन. शेणामातीनं सारवताना हात अर्धगोल फिरतो आणि बोटांच्या कमानी जमिनीवर उमटतात. त्या कमानी बघून गावातल्या बायका सांगायच्या, हा हात अमकीचा आणि हा तमकीचा. त्यात त्या सहसा चुकायच्या नाहीत.

या गावात दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका आणि म्हातारी आई असं एक कुटुंब राहत होतं. थोरली जाऊ सारवण्यात गावात पहिली. लग्न असो की बारसं, बोलावणं तिलाच यायचं. तिच्या कमानी एका रांगेत, एका मापाच्या आणि सगळ्या एकाच अंगाला कललेल्या असायच्या. तिला याचा अभिमान होता आणि खरं सांगायचं तर तो असायलाच हवा होता. अभिमान आपल्या घरात नांदला तर कुणाचं काही बिघडत नाही. तो शेजारच्या अंगणात शिरतो तेव्हा पंचाईत होते.

धाकटी नुकतीच लग्न होऊन आली होती. ती डावखुरी होती. भाकरी थापायची डाव्या हातानं, वाकळ शिवायची डाव्या हातानं आणि चूल घालायची तीही डाव्याच हातानं. तिनं घातलेल्या चुलीचा धूर डोळ्यांत जात नसे. हे कळल्यावर गावातल्या एका बाईनं तिला आपल्याकडे चूल घालायला यायचं आवतणही दिलं होतं. नव्या सुनेला एवढ्यानंही हुरूप येतो.

त्या वर्षी भावांनी नवं घर बांधलं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, मुरूम टाकून आणि धुमसानं ठोकून जमीन पक्की झाली. आता सारवण राहिलं. गावाची रीत अशी होती की भिंती-छप्पर पुरुषांनी करायचं आणि जमिनीला हात घरातल्या बायकांनी द्यायचा. ज्या सुनेचा हात नव्या जमिनीला लागला नाही, तिचं ते घर मानत नसत. ती तिथं राही, राबे, पण पाहुणीसारखी.

सासूनं दोघींना माजघरात उभं केलं. "थोरले, तू या भिंतीकडून. धाकटे, तू त्या भिंतीकडून. मागं मागं सरत या आन् दाराशी एकदम बाहेर पडा. म्हंजी जमीन एकदम वाळंल."

दोघींनी पदर खोचले आणि कामाला लागल्या. थोरलीच्या कमानी उजवीकडून वळत गेल्या आणि धाकटीच्या डावीकडून. दाराशी पोचून थोरलीनं वळून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"अगं, ह्ये काय केलंस? माझ्या कमानी एकीकडं आन् तुझ्या भलतीकडं! लोक म्हंतील, एका घरात दोन घरं हाईत."

"जाऊबाई, माझा हात तसाच फिरतो," धाकटी म्हणाली. "वाळल्यावर पाय ठेवून बघा. तुमच्या बाजूसारखीच पक्की व्हईल."

धाकटी पाण्याला गेली तशी थोरली आत शिरली आणि धाकटीच्या अर्ध्या-मुर्ध्या वाळलेल्या सारवणावर तिनं आपला उजवा हात फिरवला. सगळ्या कमानी एका अंगाला वळवल्या, तेव्हा कुठं तिच्या जिवाला बरं वाटलं.

धाकटी परत आली. तिनं जमीन पाहिली आणि तिला सगळं कळलं.

"जाऊबाई, तुम्ही हात फिरवलात व्हय?"

"जरा सारखं केलं. तुझ्याच भल्यासाठी."

"आई म्हनायची, धरत आलेल्या सारवनावर पुन्हा हात फिरवू न्हाई. वरची साय सुटते."

"तुझ्या आईची माती येगळी असंल," थोरली म्हणाली आणि विषय संपला.

आता गंमत बघा. एवढी नावाजलेली थोरली, पण ही साधी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. कशी असणार? तिचा हात पहिल्याच खेपेला इतका नीट बसायचा की स्वतःच्या कामावर पुन्हा हात फिरवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

जमीन वाळली. थोरलीची बाजू गुळगुळीत राहिली आणि धाकटीच्या बाजूला पोपडे सुटले. पाय पडला की पापुद्रे निघायचे. धाकटीला पोपडे खरवडून पुन्हा सारवावं लागलं, थोरलीनं पुन्हा 'जरा सारखं केलं' आणि पोपडे पुन्हा निघाले. धाकटी सासूजवळ काही बोलली नाही. नवी सून बोलली असती तर तोंडाळ ठरली असती. थोरली मात्र पाणवठ्यावर बोलली. "आमच्या धाकटीचा हात डावा. डाव्या हाताला माती धरत न्हाई," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली. ती खोटं बोलत होती असंही नाही. तिला मनापासून तसंच वाटत होतं आणि खरं पाहता हेच जास्त वाईट होतं.

पाणवठ्यावरची गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? चुलीचं आवतण दिलेल्या बाईनं निरोप धाडला, "आत्ताच घाई न्हाई." घाई का नाही, ते धाकटीला समजलं.

शेवटी सासूनं तिला जवळ बसवलं. म्हातारी वाईट नव्हती. तिला फक्त घराची वास्तुशांत वेळेवर व्हायला हवी होती.

"पोरी, उजव्या हातानं जमतंय का बघ. न्हाईतर ऱ्हाऊ दे. थोरली एकटी करंल."

"आत्याबाई, उजव्या हातानं मला मीठ बी नीट घालता येत न्हाई," धाकटी म्हणाली. "मग या घराला माझा हात लागायचाच न्हाई का?"

धाकटी उठली आणि जुन्या घराच्या ओट्यावर वाकळ शिवत बसली. टाका घालताना तिचा डावा हात सारखा थांबत होता. जन्मात पहिल्यांदाच तिला आपल्या हाताची लाज वाटत होती.

इकडे थोरलीनं सगळं माजघर खरवडलं आणि एकटीनं सारवायला घेतलं. माजघर ऐसपैस होतं. दोघींनी मिळून केलं तेव्हा ते हां हां म्हणता झालं होतं. एकटीला ते आवरेना. अर्ध्यावर शेणामातीचा काला संपला. नवा काला कालवून आणेपर्यंत सोडलेली कड सुकत आली. जुनं आणि नवं जिथं मिळालं तिथं सांधा दिसायला लागला. सांधा आणि तोही तिच्या सारवणात! तिनं तो झाकायला त्या सुकत्या कडेवरून पुन्हा हात फिरवला. एकदा फिरवून भागेना म्हणून आणखी फिरवला.

जमीन वाळली आणि माजघराच्या बरोब्बर मधून पोपड्यांचा पट्टा निघाला.

थोरली खाली बसली. तिनं एक पोपडा उचलून तळहातावर घेतला. तो हुबेहूब धाकटीच्या बाजूच्या पोपड्यांसारखा होता. तसाच पातळ, तसाच ठिसूळ आणि त्यावर कमान होती उजव्या हाताची. मग तिला आठवलं, आधीच्या पोपड्यांवरही कमानी उजव्याच होत्या. ते पोपडे तिनं स्वतः झाडूनं गोळा करून बाहेर टाकले होते आणि तरी तिला ते दिसलं नव्हतं.

तेवढ्यात तिचा नवरा आला. जमीन बघून म्हणाला, "मातीच खराब निघाली म्हनायची. मी ओढ्याकडची दुसरी आनतो. तू जिवाला लावून घेऊ नगंस."

सासूही म्हणाली, "व्हय, मातीच खराब."

बघा, किती सोपं होतं! मातीवर खापर फोडलं असतं तर कुणाचंच काही गेलं नसतं. माती काही तोंड उघडून बोलणार नव्हती. पण थोरली म्हणाली, "माती चांगली हाय. माझाच हात दोनदा फिरला." आणि ती तडक जुन्या घराकडे गेली.

धाकटी वाकळ शिवत होती. थोरली तिच्यासमोर उकिडवी बसली. तिनं तो पोपडा पुढं धरला.

"ह्यो माझ्या हाताखालचा हाय. तुझी आई बरोबर सांगत हुती. तुझी जमीन मी उखडली आन् नाव तुझं घेतलं. चल आता. तुझ्याबिगर व्हायचं न्हाई ते माजघर."

धाकटीनं पोपडा पाहिला, थोरलीकडे पाहिलं. डोळे पुसले. लगेच उठावं इतकी ती भोळी नव्हती.

"येते. पर माझ्या बाजूवर हात फिरवायचा न्हाई."

"न्हाई फिरवणार."

"आन् गावात जे पसरलंय त्याचं काय, जाऊबाई? घरातली जमीन खरवडता येते. पानवठ्यावरचं कसं खरवडायचं?"

थोरली खाली मान घालून चालू लागली आणि धाकटी तिच्या मागून गेली.

दोघींनी माजघर खरवडलं, पाणी शिंपलं, काला कालवला. दोन भिंतींकडून दोघी निघाल्या. या वेळी थोरलीनं एकदाही तिकडं बघितलं नाही. कमानी उजवीकडून वळत आल्या, कमानी डावीकडून वळत आल्या आणि दाराशी दोघी एकदम बाहेर पडल्या. दोघींनी वळून पाहिलं. दोन्हीकडच्या कमानी मधोमध मिळाल्या होत्या आणि माजघरभर एक लांबलचक कणीस उमटलं होतं. दोन्ही अंगांना दाणे आणि मधून दांडा. एका हातानं ते कधीच उमटलं नसतं. थोरली हसली आणि हसता हसता तिला रडू आलं.

वास्तुशांतीला गाव लोटलं. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दारातूनच आधी खाली पाहिलं. "अगं बाई, कणीस!" बायका एकमेकींना दाखवू लागल्या. त्यात एक म्हातारी होती. गावात कुणाचं काय चुकलं हे तिला त्या माणसाच्या आधी कळायचं. पण पाणवठ्यावरचं बोलणं डोक्यात घेऊन, कमानी न निरखताच ती जमिनीवरून पाय फिरवत म्हणाली, "थोरले, हात तुझाच. सांगाया नको कुनी. आन् डाव्या हाताला लांब ठेवलंस, लई ब्येस केलंस."

धाकटी पानाची ताटली घेऊन तिथंच उभी होती. तिनं ऐकलं आणि मान खाली घातली.

थोरलीच्या आयुष्यात कौतुक पुष्कळ आलं होतं. ते नुसतं हसून घ्यायची तिला सवय होती. याही वेळी नुसतं हसली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "आजी, यातलं अर्धं तिचं हाय, आन् डाव्या हाताचं हाय. आधी पोपडे निघाले ते माझ्यापायी. तिच्या वल्या कामावर मी हात फिरवला आन् डाव्या हाताला माती धरत न्हाई म्हनून तुमच्यापाशी बोलले. ते खोटं हुतं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं असंल त्यांनी आता हे बी ऐका."

चुलीचं आवतण मागं घेणारी बाई पदराशी चाळा करू लागली. थोरलीचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती.

सासूनं ओल्या हळदी-कुंकवाचं ताट आणलं. नव्या घराच्या दाराशी सुनांनी हाताचे ठसे उमटवायचे असतात. थोरलीनं उजवा तळवा बुडवला आणि दाराच्या उजव्या अंगाला भिंतीवर दाबला. मग धाकटी पुढं आली. शुभकार्याला उजवा हात, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, म्हणून तिनंही उजवाच हात ताटाकडे नेला.

थोरलीनं तिचं मनगट धरलं. "त्यो न्हाई. ज्यानं घर सारवलं त्यो."

"अगं, शुभाला डावा हात?" मघाची म्हातारी दचकून म्हणाली. "कुठं बघितलंय का असं?"

आता सगळे सासूकडे बघू लागले. सासूनं एकवार खाली पाहिलं.

"त्याच हातानं सारवलेल्या जमिनीवर तू हुबी हाईस," ती म्हातारीला म्हणाली. "टोचतंय का पायाला?" आणि तिनं ताट धाकटीच्या डाव्या हाताखाली धरलं.

धाकटीनं तळवा बुडवला. तिनं तो दाराच्या डाव्या अंगाला भिंतीवर टेकवला, नीट दाबला आणि काढला. दाराच्या दोन्ही अंगांना दोन ठसे झाले. दोन्हींचे अंगठे दाराकडे होते. त्या दोन ठशांमधून ती आत गेली, तिच्या स्वतःच्या घरात.

तात्पर्य इतकंच: दुसऱ्याच्या ओल्या कामावर आपला हात फिरवू नये. फिरवलाच, तर निघालेले पोपडे आपले म्हणावेत आणि ज्या चारचौघांत त्याचं नाव घेतलं, त्याच चारचौघांत आपलं घ्यावं.