मेहुण्याने घेतलेली साक्ष

नदीकाठच्या एका गावात भिवसन नावाचा माळी राहत होता. आयुष्यभर राबून त्याने पानमळा उभा केला होता. शेजारच्या रायाजीने एका पावसाळ्यात हद्दीचे दगड सरकवले आणि अर्धा मळा आपलाच म्हणून सांगितले. ते दगड मुळात रोवले होते म्हाताऱ्या मालोबा मोजणीदाराने. पण मालोबा आता नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात, लेकीच्या घरी अंथरुणाला खिळला होता. त्याच्याखेरीज साक्षीदार नव्हता.

भिवसनने कचेरीत फिर्याद केली. न्यायाधीश म्हणाले, "मी पलीकडच्या न्यायाधीशांना निरोप धाडतो. ते मालोबाच्या घरी जाऊन साक्ष घेतील."

भिवसनला धीर नव्हता. "सरकार, तोवर म्हातारा राहतोय का? माझा मेहुणा पलीकडेच असतो. देवमाणूस आहे. तोच घेईल की साक्ष."

"देवमाणूस असेल. पण मेहुणा आहे. वादी-प्रतिवादींचा नातलग किंवा नोकर साक्ष घेऊ शकत नाही. परराज्यात तर नाहीच, कारण तिथे आमची नजर पोचत नाही."

भिवसनने मान हलवली आणि त्याच दुपारी नाव गाठली.

मेहुणा खरोखरच सरळ माणूस होता. त्याने मालोबाला शपथ घातली आणि तो बोलला ते शब्दन् शब्द लिहून घेतले. दगड कुठे होते, कोणत्या विहिरीपासून किती अंतरावर, सगळे. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

थोड्याच दिवसांनी पलीकडचे न्यायाधीश मालोबाच्या दारात आले. जावयाने त्यांना उंबऱ्यावरच थांबवले. "साक्ष झाली की, महाराज! भिवसनरावांचे मेहुणे घेऊन गेले. म्हाताऱ्याला किती वेळा छळायचं?" न्यायाधीश परत फिरले. त्याच आठवड्यात मालोबा वारला.

भर कचेरीत मेहुण्याचा कागद वाचला गेला, तेव्हा रायाजी खदखदून हसला. "वा! बायकोच्या भावानं आणलेली साक्ष! आधी सांगितलं असतं तर मीही माझ्या सासूबाईंना धाडलं असतं पलीकडे." लोकही हसले.

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी कागद पुन्हा वाचला.

"भिवसन, हे खरं आहे असं मला वाटतं."

"मग न्याय द्या, सरकार!"

"आज तुझ्या मेहुण्याचं मानलं, तर उद्या रायाजीच्या मेहुण्याचंही मानावं लागेल. तो काय लिहून आणील, ते तूच सांग."

कागद बाजूला ठेवला गेला. दुसरा पुरावा नव्हता आणि साक्षीदार मातीत गेला होता. अर्धा मळा रायाजीकडे गेला.

रायाजीला पानवेलींची निगा ठाऊक नव्हती. उन्हाळ्यापर्यंत त्या वाळून गेल्या. भिवसन कुंपणापलीकडून ते बघत राहिला. त्याचा मेहुणा पुन्हा कधी नदी ओलांडून बहिणीकडे आला नाही.

तात्पर्य: साक्ष खरी असून भागत नाही, ती घेणारा दोन्ही पक्षांना परका असावा लागतो. घरच्या माणसाच्या हातून आणलेले सत्य न्यायाच्या दारापर्यंत पोचते, पण त्याला आत घेता येत नाही.