दोन हातांची कॉफी

"शेवटी दादाजवळ कोण होतं?"

बिरूने डॉक्टरला विचारलं, हवालदाराला विचारलं, दादाच्या खोलीवरच्या पोरांना विचारलं. अपघातानंतर कुणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात आणलं, एवढंच कागदावर होतं. ते कुणीतरी कोण, हे कुणालाच सांगता येईना.

आता अस्थींचा तांब्या लाल फडक्यात बांधून, छातीशी कवटाळून तो बेंगळुरूच्या विमानतळाबाहेर उभा होता. कोल्हापूरच्या विमानाला अजून अवकाश होता.

दाराच्या अलीकडे एका म्हाताऱ्याचं कॉफीचं दुकान होतं. गावी निघताना दादा दर वेळी फोनवर म्हणायचा, "थांब रे, इथली कॉफी घेतो नि मग विमानात बसतो. एकदा तुलाही पाजायचीय."

बिरू पुढे झाला. "एक द्या."

म्हातारा निपाणीकडचा. मराठी ऐकून त्याने वर पाहिलं. खोलगट वाटीत पितळी पेला ठेवून कॉफी पुढे सरकवली. कॉफी कढत होती. वाटीत ओतायची, परत पेल्यात ओतायची, निवली की प्यायची.

बिरूचे हात रिकामे नव्हते.

"कागदी कपात द्या की."

"नाही माझ्याकडं. ही दोन हातांची कॉफी."

"मग राहू द्या! माझा दादा आहे यात. घर येईस्तोवर अस्थी भुईला टेकवायच्या नसतात. सकाळपासून खाली ठेवलं नाही मी त्याला. पाण्याचा थेंब घेतला नाही."

"असं? दादानं सांगितलंतं व्हय, उपाशी घेऊन जा म्हणून?"

बिरूच्या कपाळाची शीर ताडताड उडाली.

म्हाताऱ्याने शांतपणे हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याने पुसले आणि पुढे केले. "आण इकडं."

"परक्याच्या हातात देऊ?"

म्हाताऱ्याचे हात मात्र तसेच पुढे...

कॉफीवर साय धरू लागली. बिरूचे दंड केव्हाचे भरून आले होते.

त्याने तांब्या दिला.

अंगड्यातलं लेकरू घ्यावं तसा म्हाताऱ्याने तो घेतला, एक तळवा खाली लावून.

बिरूने कॉफी ओतली, थोडी सांडली, पुन्हा ओतली. पहिला घोट कडू लागला. दुसरा गोड. दादा खोटं सांगत नव्हता. तोंड न पुसता, रडत रडतच त्याने पेला रिकामा केला.

"अज्जा... शेवटी दादाजवळ कोण होतं हो?"

म्हाताऱ्याने हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

"आत्ता कोणाजवळ आहे?"

"तुमच्याजवळ."

"माझं नाव काय?"

बिरूला ते ठाऊक नव्हतं.

मग बिरू वळसा घालून दुकानात आत गेला. गाळणीखालचा अर्क पेल्यात घेतला, वर दूध घातलं, चारदा वरखाली ओतून निववलं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात दादात गुंतलेले, म्हणून पेला बिरूने स्वतःच त्याच्या ओठांना लावला. सगळी कॉफी संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

म्हाताऱ्याने तांब्या हलकेच परत दिला.

"अज्जा, तुमचं नाव तरी सांगा."

"साखर विसरलास," म्हातारा म्हणाला. "जा आता, विमान सुटेल."